कर्डक, वामनदादा

कर्डक, वामनदादा : (१५ ऑगस्ट १९२२–१५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील अग्रगण्य लोककवी व गायक. संपूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. नासिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी ह्या गावी त्यांचा जन्म झाला. आईचे नाव सईबाई. शाळेत न गेलेला एक गिरणगावातील तरुण स्वप्रयत्नाने साक्षर झाला, गाणी रचू लागला आणि साठ वर्षे ती गावोगाव गात राहिला, एवढ्या एका वाक्यात त्यांचा जीवनवृत्तांत सांगता येईल. तथापि त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व ह्याहून व्यापक आहे. ज्या समाजात वाचता येणाऱ्यांची संख्या अत्यल्प होती, त्या समाजापर्यंत एक नवा विचार कोणत्या मार्गाने पोहोचला, ह्या प्रश्नाचे उत्तर वामनदादांच्या गीतांत आणि ती गाण्याच्या पद्धतीत मिळते.

पूर्वपरंपरा : महाराष्ट्रात गाण्यातून समाजप्रबोधन करण्याची परंपरा जुनी आहे. कीर्तन, भारूड, गोंधळ व पोवाडा हे प्रकार लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केल्यानंतर, त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाच्या रचनेचा उपयोग करून सत्यशोधक जलसे उभे केले. तमाशाचा साचा लोकांच्या परिचयाचा होता. त्याचा आशय मात्र बदलण्यात आला. शृंगाराची जागा शिक्षण, व्यसनमुक्ती, खर्चिक लग्ने आणि भिक्षुकशाही ह्या विषयांनी घेतली. ह्याच धर्तीवर १९३०च्या सुमारास आंबेडकरी जलशांचा उदय झाला.

ह्या उदयात नासिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. २ मार्च १९३० रोजी नासिक येथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड (१९०२–७१) हे त्याचे प्रमुख स्थानिक नेते होते. ह्याच जिल्ह्यातील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ह्या घटनांचा अर्थ खेड्यापाड्यांतील वस्त्यांना समजावून सांगण्याचे काम जलसेकारांनी केले. त्यांपैकी भीमराव कर्डक हे नासिक जिल्ह्यातील जलसेकार विशेष प्रसिद्ध होत. वामनदादांचे व त्यांचे आडनाव एकच असले, तरी हे दोन कलावंत भिन्न असून भीमराव हे वयाने व परंपरेने वडील पिढीचे होते. जलशांविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्याग्रहाच्या प्रारंभी वामनदादा सात वर्षांचे, तर येवल्याच्या घोषणेच्या वेळी तेरा वर्षांचे होते. ज्या भूमीत त्यांचे बालपण गेले, तिथे गाणे आणि चळवळ ह्यांची सांगड आधीच घातली गेली होती, असे म्हणता येईल.

बालपण व मुंबईतील जीवन : सिन्नर तालुक्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असून तेथील कोरडवाहू शेतीवर कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण असे. त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांकडे व गोदीकडे होणारे स्थलांतर ही सर्वसामान्य बाब होती. लहानपणी गुरे राखणे व मोलमजुरी करणे ही कामे वामनदादांनी केली. त्यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. पुढे पोट भरण्यासाठी ते मुंबईस आले आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळीत राहू लागले. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२०च्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी व ना. म. जोशी मार्ग ह्या भागांत बांधलेल्या ह्या चाळींत गिरणी कामगारांची दाट वस्ती होती. कोकण, देश व घाटमाथा अशा निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे तेथे एकत्र नांदत. भजनी मंडळे, नाच्यांचे फड, कामगार संघटनांच्या सभा, समता सैनिक दलाच्या कवायती आणि चित्रपटांची गाणी ह्या सर्वांचा संस्कार तेथील तरुणांवर होत असे. वामनदादाही समता सैनिक दलाच्या संपर्कात आले. मिळेल ते काम करून ते दिवस काढीत होते.

ह्याच चाळीत त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी एक घटना घडली. एका व्यक्तीने आपले पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्यापुढे धरले. अंगावर बरे कपडे असलेला हा तरुण साक्षर असावा, अशी तिची समजूत होती. ते पत्र वाचता न आल्याची खंत वामनदादांना असह्य झाली. त्यानंतर देहलवी नावाच्या शिक्षकांकडून त्यांनी बाराखडी शिकून घेतली आणि रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचीत जोडाक्षरांचा सराव केला. त्यांच्या उत्तरकालीन गीतांत शिक्षणाचा आग्रह पुनःपुन्हा येतो. तो केवळ चळवळीच्या कार्यक्रमातील एक कलम म्हणून नव्हे, तर स्वतः अनुभवलेल्या लाचारीची जाणीव म्हणून येतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

त्यांचे कौटुंबिक जीवन सुखाचे नव्हते. पहिला संसार टिकला नाही व कन्या बालवयातच वारली. पुढील आयुष्यात पत्नी शांताबाई ह्यांची साथ त्यांना लाभली. नियमित उत्पन्नाचे साधन नसताना आणि महिनोन् महिने दौऱ्यांवर असताना संसाराचा भार कोणावर पडत असेल, ह्याची कल्पना करता येते. चळवळीच्या इतिहासात ह्या बाजूची नोंद क्वचितच घेतली जाते.

पहिले गीत : ३ मे १९४३ रोजी मुंबईतील राणीच्या बागेत मित्रांसमवेत असताना एका लोकप्रिय हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी विनोदी शब्द रचून म्हटले. ऐकणारे हसले, पण त्यांना ते आवडले. हे त्यांचे पहिले गीत मानले जाते. ह्याच वर्षी नायगाव येथे त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिले. विडंबनापासून सुरू झालेली त्यांची रचना थोड्याच काळात चळवळीच्या विषयांकडे वळली. आपल्याला सुचते ते लोक ऐकून घेतात आणि ऐकता ऐकता पाठ करतात, ह्या अनुभवाने त्यांचा मार्ग निश्चित केला.

त्या काळी मुंबईच्या कामगारवस्तीत शाहिरीला बहर आला होता. अण्णाभाऊ साठे (१९२०–६९), अमरशेख (१९१६–६९) व द. ना. गवाणकर ह्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात (१९५६–६०) ह्या शाहिरांनी मैदाने गाजविली. वामनदादा हे त्यांचे समकालीन. परंतु त्यांचा मार्ग थोडा निराळा होता. मोठ्या मैदानांपेक्षा वस्तीतील मांडव हे त्यांचे मुख्य व्यासपीठ राहिले. कलापथकामागे संघटित पक्ष होता. वामनदादांमागे मात्र केवळ त्यांना बोलावणारे गावकरी होते.

गायनपार्टीचे स्वरूप : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ह्यानंतर आंबेडकरी गायनाचे स्वरूप बदलले. मोठ्या नटसंचाचे जलसे मागे पडत गेले आणि चार-सहा माणसांच्या गायनपार्ट्या पुढे आल्या. पेटी, ढोलकी अथवा तबला, झांज व खंजिरी एवढी सामग्री आणि ध्रुपद उचलून धरणारे दोन-तीन साथीदार असले, की पार्टी सिद्ध होई. अशी पार्टी एस.टी.ने वा बैलगाडीने कोठेही जाऊ शकत असे आणि तिचा खर्च लहानशा वस्तीलाही वर्गणीतून पेलता येई. भीमजयंती, बुद्धजयंती, धम्मचक्रप्रवर्तन दिन, त्याचप्रमाणे लग्न, नामकरण व गृहप्रवेश ह्या प्रसंगी असे कार्यक्रम होत. नव्या धर्मात जुने विधी गळून पडले होते. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी ह्या गायनाने भरून काढली. ज्या घरात पूर्वी जागरण-गोंधळ होई, तेथे आता भीमगीतांची रात्र होऊ लागली.

कार्यक्रम रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. प्रारंभी बुद्धवंदना, त्यानंतर बाबासाहेबांच्या जीवनावरील गीते, मध्यंतरात विनोदी व कौटुंबिक गाणी आणि उत्तररात्री विचारप्रधान रचना, असा सामान्यतः क्रम असे. श्रोते नोटा देऊन पसंती कळवीत व आवडीच्या गाण्याची फर्माईश करीत. कधी दोन पार्ट्यांचा सामना लावला जाई. त्यात एकाने गाण्यातून प्रश्न टाकावयाचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यावयाचे, असा प्रघात होता. कव्वालीतील मुकाबला आणि तमाशातील सवाल-जवाब ह्या दोहोंचे संस्कार त्यावर दिसतात. अशा सामन्यांसाठी कवीला तत्काळ रचना करता यावी लागे आणि बाबासाहेबांचे चरित्र, बौद्ध धम्म व चालू राजकारण ह्यांची पक्की माहिती असावी लागे. गायनपार्टी ही अशा रीतीने एक प्रकारची फिरती पाठशाळाच होती.

चाली व रचनाविशेष : वामनदादांच्या अनेक गीतांच्या चाली हिंदी वा मराठी चित्रपटगीतांवरून घेतलेल्या असून, ओवी, पाळणा, पोवाडा, लावणी, भारूड व भजन ह्यांच्या पारंपरिक चालींचाही त्यांनी उपयोग केला. पुढे गझलेचा आकृतिबंधही त्यांनी आत्मसात केला. मराठीबरोबर हिंदीतही त्यांनी रचना केली. उसन्या चालींमुळे ह्या गीतांना साहित्यसमीक्षेत दुय्यम लेखले गेले. परंतु ह्या पद्धतीमागे एक व्यावहारिक तर्क होता. स्वरलिपी न जाणणाऱ्या गायकाला चाल कळविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे माहितीच्या गाण्याचे नाव सांगणे. चाल ओळखीची असल्याने श्रोत्याचे सर्व लक्ष शब्दांकडे लागते आणि दुसऱ्या कडव्यापासून तो ध्रुपद म्हणू लागतो. अमेरिकेतील लोकगायक वुडी गथ्री (१९१२–६७) ह्यांनीही श्रमिकांच्या गाण्यांसाठी प्रचलित चालींचाच आधार घेतला होता. अशा परंपरांत चाल हे वाहन असते आणि नावीन्य शब्दांत शोधावयाचे असते.

वामनदादांची भाषा नासिक परिसरातील ग्रामीण बोली आणि मुंबईच्या चाळीतील मिश्र बोली ह्यांच्या मिलाफातून घडलेली आहे. संस्कृतप्रचुर शब्द ते क्वचितच वापरतात. लहान ओळी, ठसठशीत यमके, प्रश्नार्थक ध्रुपदे आणि शेवटच्या कडव्यात विचाराला दिलेली कलाटणी हे त्यांच्या रचनेचे विशेष होत. शेतमजूर, पाणी भरणारी बाई, गिरणी कामगार व शाळेत निघालेले मूल ही त्यांची पात्रे आहेत. बाबासाहेबांचे वर्णन करतानाही केवळ दैवतीकरण करण्यापेक्षा, त्यांच्यामुळे एखाद्या सामान्य घरात काय बदलले हे सांगण्याकडे त्यांचा कल असे. पूर्वी अंगावर काय होते व आता काय आहे, पूर्वी ताटात काय होते व आता काय आहे, अशा तुलनेतून इतिहासाचा अर्थ ते श्रोत्यांच्या अनुभवाशी जोडून देतात.

त्यांच्या गीतांचे दुसरे अंग टीकेचे आहे. संपत्तीच्या विषम वाटपाविषयी, श्रमणाऱ्याला त्याचा वाटा न मिळण्याविषयी त्यांनी थेट प्रश्न विचारले. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात पुढे फुटी पडत गेल्या. तेव्हा स्वतःच्या चळवळीतील नेत्यांनाही त्यांनी सोडले नाही. गटबाजी, सत्तेची लालसा आणि बाबासाहेबांच्या नावाचा केवळ उच्चार ह्यांवर त्यांनी कठोर रचना केल्या आणि त्या नेत्यांच्या उपस्थितीत, वस्तीच्याच मांडवात गायिल्या जात. वृत्तपत्रे वा नियतकालिके हाती नसलेल्या लोकांना आपल्या नेत्यांची उलटतपासणी करण्याचे हे एकमेव साधन होते. भूमिहीनांचे लढे आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दीर्घ आंदोलन (१९७८–९४) ह्या काळातही भीमगीतांनी हेच कार्य केले.

नाममुद्रा व पाठाचा प्रश्न : संतकवींप्रमाणे वामनदादाही गीताच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. हा केवळ जुन्या संकेताचा स्वीकार नव्हता. छापील पुस्तकाच्या आधाराशिवाय मुखोमुखी फिरणाऱ्या गाण्यावर कर्त्याचा हक्क सांगणारी तेवढी एकच खूण असते. त्यांची गीते शेकडो गायकांनी उचलली. प्रल्हाद शिंदे (मृत्यू २००४) व विठ्ठल उमप (१९३१–२०१०) ह्यांसारख्या नामवंत गायकांच्या काळात भीमगीते तबकडीवर व पुढे कॅसेटवर आली आणि १९८०नंतर ती खेड्यातील चहाच्या दुकानापर्यंत पोहोचली. ह्या विस्ताराची दुसरी बाजू अशी, की ध्वनिमुद्रणाच्या मर्यादित वेळेत बसविण्यासाठी कडवी गाळली जात. अखेरचे कडवे गळाले, की त्याबरोबर कवीचे नावही जाई. काही गीते नावाविना, तर काही बदललेल्या शब्दांसह प्रचलित झाली. लोकप्रियतेचा आर्थिक लाभ मूळ कवीपर्यंत पोहोचण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. हजारो गीते रचणारा हा कवी आयुष्यभर मुख्यतः कार्यक्रमाच्या बिदागीवर जगला.

मुद्रित साहित्य व मान्यता : वामनदादांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या गीतापासून तेव्हा तीस वर्षे लोटली होती. त्यानंतर 'मोहळ' (१९७६) व 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे संग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' (१९९६) हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. संग्रहांत आलेली गीते ही त्यांच्या एकूण रचनेचा केवळ एक अंश होत.

ह्याच काळात दलित साहित्याचा प्रवाह मराठीत प्रतिष्ठित होत होता. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. नासिकचे बाबूराव बागूल (१९३०–२००८) ह्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. कथा, मुक्तच्छंदातील कविता व आत्मकथने ह्यांची समीक्षकांनी दखल घेतली. गेय रचनेची मात्र पुरेशी घेतली नाही. मुक्तच्छंदातील कविता वाचणारा वर्ग आणि मांडवात रात्रभर बसणारा वर्ग हे वेगवेगळे होते, हे त्याचे एक कारण होय. वस्तुतः दलित साहित्याला जो वाचक लाभला, त्याची मनोभूमी घडविण्यात आधीच्या दोन पिढ्यांच्या गाण्यांचा मोठा भाग आहे. वर्धा येथे १९९३ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना देण्यात आले. ह्या निवडीने लेखणी व गळा ह्यांतील हे अंतर चळवळीच्या बाजूने तरी मिटविले. लोक त्यांना प्रेमाने 'दादा' व गौरवाने 'महाकवी' म्हणत. ह्यांतील दुसरी पदवीही लोकांनीच दिलेली आहे.

उत्तरायुष्य व मूल्यमापन : उतारवयातही त्यांचे दौरे थांबले नाहीत. मुंबई-नासिकपासून मराठवाडा व विदर्भापर्यंत ते फिरत राहिले. तरुण गायकांना ते आपली गीते वहीत उतरवून देत. १५ मे २००४ रोजी नासिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जन्मशताब्दी २०२२ मध्ये झाली. त्यांची गीते आज नव्या पिढीच्या गायक-गायिकांच्या तोंडी असून भ्रमणध्वनीच्या माध्यमातून ती पूर्वीपेक्षाही दूरवर ऐकली जातात.

वामनदादांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्यांच्या सर्व रचना एकाच प्रतीच्या नाहीत. प्रसंगोपात्त व फर्माईशीवरून केलेल्या गाण्यांत पुनरुक्ती आहे, यमकासाठी केलेली ओढाताण आहे. रोज नवे गाणे देण्याची निकड असलेल्या कोणत्याही लोककवीच्या बाबतीत हे घडतेच. उलटपक्षी, त्यांच्या उत्कृष्ट गीतांत विचाराचा नेमकेपणा व भावनेचा संयम ह्यांचा जो मेळ आढळतो, तो मराठी गेय कवितेत विरळा आहे. दुसरी गोष्ट इतिहासलेखनाशी संबंधित आहे. सभांचे वृत्तांत, ठराव व पत्रव्यवहार ह्यांतून चळवळीच्या नेत्यांचा इतिहास कळतो. अनुयायांनी तो विचार कसा समजून घेतला, हे मात्र गाण्यांतूनच कळते. ही साधने अजून बऱ्याच अंशी जुन्या गायकांच्या वह्यांत, झिजलेल्या कॅसेटांत व स्मरणात आहेत. एकाच गीताचे निरनिराळे पाठ तुलनेने नोंदवून, चाल, प्रसंग व काळ ह्यांच्या माहितीसह ते संकलित करणे आवश्यक आहे. गायकांची ती पिढी वेगाने मावळत असून, तिच्याबरोबर गळालेली कडवी पुन्हा मिळण्याचा मार्ग उरणार नाही. नासिक जिल्ह्याच्या एका कोरडवाहू गावातून निघालेल्या ह्या कवीने अक्षर मिळविण्यासाठी जो आटापिटा केला, तो पाहता त्याचे गाणे त्याच्या नावासह अक्षरबद्ध होणे हे न्यायाचेच ठरेल.